होडीची गोष्ट बातमीत का आली नाही? स्टीफन क्रेनबद्दल जरा सविस्तर

विचारणारा २४ वर्षांचा आहे, तालुक्याच्या गावी वार्ताहर आहे, कादंबरी लिहायचीय. डेस्कवरचे, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून लावणारे, लोक त्याला सांगतात की बातम्या लिहून लिहून हात बिघडतो. आणि त्याने कुठंतरी वाचलंय की स्टीफन क्रेन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने युद्ध अजिबात न बघता युद्धावरची एक नंबर कादंबरी लिहिली. तर मग अनुभव लागतो का नाही, आणि या क्रेनचं पुढं काय झालं, एवढं सांगा म्हणतोय.

सांगतो. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. मी २७ वर्षं पेपरात काढली, पहिली ११ रिपोर्टिंगला आणि बाकीची डेस्कवर, आणि रात्री पान छपाईला सोडून घरी आल्यावर जे काय डोळे उघडे राहायचे तेवढ्यात दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली एक बरी जमली, दुसरीचे गठ्ठे अजून प्रकाशकाकडे पडून आहेत. क्रेनवर मी तासभर बोलू शकतो. घरचे उठून जातात तो भाग वेगळा.

पहिल्यांदा ते युद्ध न बघितल्याचं. खरं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं १८६५ साली आणि हा जन्मला १ नोव्हेंबर १८७१ ला, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये, आईबापांचं चौदावं आणि शेवटचं पोर. वडील मेथडिस्ट पाद्री, आणि गंमत बघ, त्यांनी नाच, पत्ते, नाटक, कादंबऱ्या या सगळ्या करमणुकीविरुद्ध पुस्तक लिहिलं होतं! ते वारले तेव्हा हा आठ वर्षांचा. आई दारूबंदीच्या चळवळीत, भाषणं द्यायची आणि धार्मिक मेळाव्यांच्या बातम्याही पेपरांना पाठवायची. थोरला भाऊ टाउनली समुद्रकाठच्या ॲस्बरी पार्क गावातून न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'ला बातम्या पुरवायचा. म्हणजे घरातच स्ट्रिंगरचं, बाहेरून बातम्या पुरवणाऱ्याचं, दुकान. सोळा-सतराव्या वर्षापासून हा पोरगा उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाच्या हाताखाली, अमुक हॉटेलात तमुक कुटुंब उतरलं, बँडचा कार्यक्रम झाला, असल्या दोन-दोन ओळी गोळा करत फिरायचा. कॉलेजं दोन केली, एकही पुरं केलं नाही, सिरॅक्यूजला असताना अभ्यासापेक्षा बेसबॉलमध्येच जास्त जीव.

त्याची पहिली नोकरी कशी गेली ते तुला आवडेल, कारण आपल्याकडे पण हे होतं. ऑगस्ट १८९२, ॲस्बरी पार्कला एका कामगार संघटनेची परेड होती. तू-मी काय लिहू, इतक्या वाजता परेड निघाली, इतके लोक होते, अमुक तमुक यांनी मार्गदर्शन केलं. याने काय लिहिलं तर चालणाऱ्यांचे खांदे कामाने वाकलेले, अंगावर कपडे कसेतरी चढवलेले, पायात लय नाही, आणि बाजूला उभे राहून बघणारे कोण तर उन्हाळी झग्यातल्या बायका आणि सुट्टीवर आलेले पैसेवाले. वर गावच्या दुकानदारांनाही एक ठेवून दिली, की डॉलर डोळ्याजवळ धरला की यांना दुसऱ्याचे हक्क दिसेनासे होतात. म्हणजे टोमणा सगळ्यांनाच होता, पण संघटना चिडली, पत्र आलं. आणि 'ट्रिब्यून'चे मालक व्हाइटलॉ रीड त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाकडून उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे! निवडणुकीच्या तोंडावर कामगारांची टिंगल मालकाच्याच पेपरात. झालं, पेपरने माफी मागितली आणि भावासकट याचं काम गेलं. डेस्कवर ती कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, कुणाच्या नजरेतून कशी सुटली असेल याचा विचार करून मला आजही त्या अनोळखी उपसंपादकाची कीव येते, कारण असली एक कॉपी माझ्याही हातून सुटलेली आहे.

मग हा न्यूयॉर्कला. चित्रकार मित्रांच्या खोल्यांमध्ये पथारी, दिवसचे दिवस नीट जेवण नाही, आणि रात्री बावरी भागात भटकणं. बावरी म्हणजे तेव्हाची दारूची दुकानं, रात्रीपुरत्या खाटा भाड्याने देणारी घरं, वेश्यावस्ती. तिथल्या एका मुलीवर त्याने 'मॅगी' ही छोटी कादंबरी लिहिली, कुणी छापेना म्हणून १८९३ मध्ये वडिलोपार्जित पैशातून ८६९ डॉलर भरून स्वतःच ११०० प्रती काढल्या, तेही जॉन्स्टन स्मिथ या खोट्या नावाने. विकल्याच नाहीत. पण हॅम्लिन गार्लंड आणि विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या दोन वजनदार लेखकांनी वाचली आणि पोरात काहीतरी आहे हे ओळखलं. स्वखर्चाने पुस्तक काढून प्रती पलंगाखाली ठेवण्याची परंपरा आपल्याच भाषेत आहे असं समजू नकोस.

पुढच्या वर्षी 'न्यूयॉर्क प्रेस'साठी त्याने फाटके कपडे घालून बेघर लोकांबरोबर अशाच एका खाटांच्या घरात रात्र काढली आणि ती छापली. हिवाळ्यात बर्फाच्या वादळात निवाऱ्याच्या रांगेत उभा राहिला, अंगावर पुरेसं गरम काही न घालता. एका मित्राने म्हटलं, अरे जाड कपडे तरी घालायचे. तर याचं म्हणणं, मला ऊब असती तर त्या बिचाऱ्यांना काय होतंय ते मला कसं कळलं असतं?

आता इथं थांब आणि ही गोष्ट त्या युद्धाच्या कादंबरीशेजारी ठेव. कारण त्याच काळात तो 'द रेड बॅज ऑफ करेज' लिहीत होता. रांगेत उभं राहिल्याशिवाय रांगेबद्दल लिहायचं नाही म्हणणारा माणूस, आणि जन्माआधी संपलेल्या युद्धाबद्दल लिहितोय! त्याने केलं काय, तर 'सेंच्युरी' मासिकात यादवी युद्धातल्या सेनापतींच्या आठवणींची जी मोठी मालिका आली होती तिचे जुने अंक मित्राच्या खोलीत बसून वाचून काढले. आणि वैतागला. हे लोक काय केलं ते सगळं सांगतात, पण आत काय वाटत होतं ते एक जण सांगत नाही, नुसते दगड आहेत, असं तो म्हणाला. ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती खास रिपोर्टरची तक्रार आहे. प्रेस नोट समोर आहे, आकडे आहेत, माणूस नाही. तो माणूस मग याने स्वतः घातला, हेन्री फ्लेमिंग नावाचा एक कोवळा शिपाई, जो पहिल्या दणक्यात पळून जातो.

त्यातली एक जागा सांगतो. पळून आलेला हेन्री जंगलात शिरतो, एका खारीला पाइनचं बोंड फेकून मारतो, खार तुरुतुरु पळते. झालं, पोरगं खूश! बघा, निसर्गाचाच नियम आहे, धोका दिसला की पळायचं, खार काय छाती पुढं काढून उभी राहिली नाही. स्वतःची अशी समजूत घालून तो पुढं जातो, फांद्यांच्या आड देवळासारखी शांत जागा, आणि तिथं झाडाला टेकून एक मेलेला शिपाई बसलेला, चेहऱ्यावर मुंग्या. बस्स. भित्रेपणाबद्दल एक अक्षर भाषण नाही. आणि ज्या जखमेवरून पुस्तकाला नाव मिळालं, ती 'शौर्याची लाल खूण', ती त्याला शत्रूकडून मिळत नाही. पळणाऱ्याच एका आपल्या शिपायाने घाबरून बंदुकीचा दस्ता डोक्यात हाणलाय त्याची ती खोक आहे. हे २२-२३ वर्षांच्या पोराने लिहिलंय, तुझ्यापेक्षा लहान होता तो, हे तुला टोचायला म्हणून मुद्दाम सांगतोय.

हस्तलिखिताची अर्धी टाइप प्रत टायपिस्टकडे अडकलेली, १५ डॉलर द्यायचे बाकी होते, ते गार्लंडने दिले. मग एका मोठ्या मासिकवाल्याने कित्येक महिने नुसतं ठेवून घेतलं. शेवटी एका सिंडिकेटने, म्हणजे एकच मजकूर अनेक पेपरांना विकणाऱ्या संस्थेने, काटछाट करून डिसेंबर १८९४ मध्ये पेपरांमधून क्रमशः छापलं, क्रेनला मिळाले ९० डॉलर. पुस्तक आलं १८९५ च्या ऑक्टोबरात आणि अमेरिकेत, इंग्लंडमध्ये दोन्हीकडे गाजलं. युद्धात खरोखर लढलेला एक कर्नल तर सांगत सुटला होता की मी क्रेनबरोबर अँटिएटमच्या लढाईत होतो! ती लढाई १८६२ ची.

इथपर्यंत ऐकून तू म्हणशील, म्हणजे अनुभव लागतच नाही. थांब. क्रेनला स्वतःलाच चैन नव्हतं. आपण लिहिलेलं बरोबर आहे का हे त्याला बघायचं होतं आणि पेपरांना बातमीवर त्याचं नाव, बायलाइन, पाहिजे होती, असं दोन्हीचं जमलं. उरलेलं आयुष्य, म्हणजे जेमतेम पाच वर्षं, तो एका युद्धाकडून दुसऱ्या युद्धाकडे धावत राहिला.

मधे एक भानगड झाली ती झटकन सांगतो. सप्टेंबर १८९६, हा न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन भागातल्या रात्रीच्या जगावर हर्स्टच्या 'जर्नल' या पेपरासाठी लिहीत होता. त्याच्यासोबत असलेल्या डोरा क्लार्क नावाच्या बाईला चार्ल्स बेकर या पोलिसाने गिऱ्हाईक शोधते म्हणून पकडलं. याने डोळ्यांनी बघितलं होतं की तसं काही घडलेलं नाही. सगळ्यांनी सांगितलं गप्प बस, नाव जाईल. हा कोर्टात उभा राहिला. बाई सुटली, पण पुढच्या पोलीस चौकशीत उलटतपासणीत याचीच धुलाई, अफू ओढतोस का, कुणाबरोबर राहतोस. शहरातले पोलीस मागे लागले, पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट, हो, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले तेच, आधी याचे चाहते होते ते तुटले. तो बेकर पुढं लेफ्टनंट झाला आणि एका जुगारवाल्याच्या खुनात १९१५ साली विजेच्या खुर्चीवर गेला. क्राइम बीटवर असशील तर लक्षात ठेव, सोर्स सांभाळायचा का साक्ष द्यायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

न्यूयॉर्कमध्ये राहणं अवघड झालं आणि क्यूबात स्पेनविरुद्ध बंड पेटलं होतं. सिंडिकेटने ७०० डॉलरची सोन्याची नाणी देऊन त्याला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला धाडलं. तिथं बंडखोरांना चोरून शस्त्रं पोचवणारी जहाजं निघायची. बोटीची वाट बघता बघता तो 'होटेल द ड्रीम' नावाच्या जागेच्या मालकिणीच्या, कोरा टेलरच्या, प्रेमात पडला. हॉटेल म्हणायचं, पण कुंटणखान्यापासून फार लांब नव्हतं. कोरा त्याच्याहून मोठी, नवरा घटस्फोट देत नव्हता. शेवटपर्यंत ती त्याच्याबरोबर राहिली, कायद्याने लग्न कधी झालं नाही.

३१ डिसेंबर १८९६ ला 'कमोडोर' जहाज निघालं. नदीतच गाळात रुतलं, ओढून काढलं, पुन्हा रुतलं, आणि समुद्रात गेल्यावर इंजिनरूममध्ये पाणी भरायला लागलं. २ जानेवारीच्या सकाळी बुडालं. शेवटी एका दहा फुटी होडक्यात चौघं: हात जायबंदी झालेला कॅप्टन मर्फी, स्वयंपाकी, इंजिनाला तेल घालणारा खलाशी बिली हिगिन्स, आणि क्रेन. तीसेक तास ते लाटांवर होते. किनारा दिसायचा पण लाटा एवढ्या फुटत होत्या की होडी आत घालता येईना. दुसऱ्या दिवशी डेटोनाजवळ त्यांनी होडी लाटांत घातली, ती उलटली, तिघं जगले. बिली मेला, जो सगळ्यात दणकट होता आणि सगळ्यात जास्त वल्ही ज्याने मारली होती.

आता माझ्या मते क्रेनचं सगळं मर्म इथं आहे. या एका घटनेवर त्याने दोनदा लिहिलं. एकदा बातमी, ७ जानेवारीला छापून आलेली. आणि एकदा कथा, 'द ओपन बोट', त्याच वर्षी जूनमध्ये 'स्क्रिब्नर्स' मासिकात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच, हा माझा तुला पहिला आणि खरं तर एकमेव सल्ला.

बातमीत काय आहे? जहाज कसं निघालं, माल कसा चढवला, इंजिनरूममधली ती नरकासारखी आग आणि पाणी, बादल्यांनी पाणी उपसणारे लोक, बोटी कशा सोडल्या, आणि मग एक भयंकर प्रसंग. बुडत्या जहाजावर सात जण मागे राहिले होते, त्यांनी तराफे बांधले, ते तराफे या होडक्याला दोरीने बांधून ओढायचा प्रयत्न झाला. तराफ्यावरचा एक जण दोरी हातावर हात टाकत ओढायला लागला, होडकं त्याच्याकडे खेचलं जाऊ लागलं, तो आत चढला असता तर सगळेच बुडाले असते, आणि स्वयंपाक्याने दोरी सोडून दिली. हे त्याने बातमीत लिहिलंय. सरळ, न रडता. आणि होडीतल्या त्या तीस तासांबद्दल बातमीत काय, तर एवढंच की उघड्या होडीतल्या तीस तासांची हकीकत तरुणांना बोधप्रद वाटेल खरी, पण ती इथं आत्ता सांगायची नाही.

वाचताना मी थबकलो होतो. पाच दिवसांपूर्वी मरता मरता वाचलेला माणूस, सगळे पेपर त्याच्या एका शब्दासाठी टपलेले, आणि तो म्हणतो ते आत्ता नाही. राखून ठेवलं त्याने. कथेत बरोबर उलट, जहाज बुडण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही, दोरीचा प्रसंग नाही, सात माणसं नुसती ओझरती, आणि सुरुवातच अशी की आकाशाचा रंग त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. का? कारण सगळ्यांची नजर येणाऱ्या लाटेवर. अरे या एका वाक्यात चारही माणसांच्या माना कुठल्या बाजूला वळल्यात ते दिसतं. मग एकेक, कॅप्टनच्या डोक्याजवळ येऊन तरंगणारा पांढरा पक्षी, ज्याला हाकलायचं तर होडी कलंडेल म्हणून हळूच हात हलवावा लागतो. खिशात सापडलेले आठ सिगार, चार भिजलेले, चार कोरडे. किनाऱ्यावरचा एक माणूस कोट फिरवतोय, हे म्हणतात वाचवायला येतोय, तो बापडा समजतोय मासे धरायला आलेत. आणि जागा बदलणं. वल्ही मारून थकलेल्याने दुसऱ्याला जागा द्यायची तर त्या दहा फुटांत ते इतकं नाजूक काम, की क्रेन म्हणतो त्यापेक्षा कोंबडीखालची अंडी काढणं सोपं.

ते वाचलं तेव्हा मी उडालोच, कारण माझ्याकडे खरी कोंबडी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला महापूर आला तेव्हा माणसं कमी पडली म्हणून डेस्कवरून मला शिरोळ तालुक्यात पाठवलं होतं. रबरी बोटीत आम्ही दाटीवाटीने बसलेलो, जवान ओरडतोय हलू नका, हलू नका, आणि एक आज्जी, पिशवीत कोंबडी घेऊन आलेली, दर दोन मिनिटाला उठून पिशवीत बघायची ती जिवंत आहे का. बोट डुगडुगायची, सगळे आज्जीला शिव्या घालायचे, आज्जी म्हणायची तुमचं काय जातंय. संध्याकाळी मी बातमी पाठवली, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, किती गावांचा संपर्क तुटला, किती लोक हलवले. डबल कॉलम लागली. कोंबडी त्यात नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं, त्या दिवशी लोकांना रस्ता बंद आहे का चालू तेवढं पाहिजे होतं. आज्जी आणि कोंबडी तीन वर्षांनी कादंबरीत आली. जी बरी जमली म्हटलं ना, तीच.

म्हणून ते 'बातमीने हात बिघडतो' वगैरे मला पटत नाही. बातमीत जे मावत नाही ते फेकून दिलं की बिघडतो. क्रेन फेकत नव्हता. आणि तो कथेत मनाचं घालत होता असंही नाही, कथेच्या नावाखालीच त्याने चक्क टीप दिलीय की ही घडलेल्या गोष्टीबरहुकूम सांगायचा प्रयत्न आहे. राल्फ पेन नावाच्या पत्रकाराने लिहून ठेवलंय की जॅक्सनव्हिलच्या एका खाणावळीत क्रेन कॅप्टन मर्फीला मजकूर वाचून दाखवत होता, बरोबर आहे का, असंच होतं का म्हणून. कथेची फॅक्ट चेकिंग, तीही कॅप्टनकडून!

पण आता दुसरी बाजू, नाहीतर तू उद्या राजीनामा देऊन सीमेवर जाशील. १८९७ च्या वसंतात ग्रीस-तुर्कस्तान युद्ध लागलं, क्रेन 'जर्नल'कडून गेला, कोरासुद्धा इमोजिन कार्टर या नावाने बातम्या पाठवत होती. तिथं त्याने पहिल्यांदा खरी लढाई बघितली आणि समाधान पावला की आपलं पुस्तक बरोबर होतं, नंतर जोसेफ कॉनरॅड या कादंबरीकार मित्राला त्याने तसं सांगितलं. आणि त्याच ग्रीसच्या अनुभवावर त्याने कादंबरी लिहिली, 'ॲक्टिव्ह सर्व्हिस', १८९९. वाचू नकोस. पडेल आहे. नायक पेपरचा संपादक, प्रोफेसरची मुलगी, युद्धात अडकलेलं कुटुंब, सुटका, सगळं पैशासाठी घाईत पाडलेलं. म्हणजे न बघितलेल्या युद्धाची कादंबरी अजरामर आणि डोळ्यांनी बघितलेल्या युद्धाची रद्दी. तुझ्या अनुभवाच्या प्रश्नाचं उत्तर याहून सरळ मला देता येत नाही.

मग १८९८, क्यूबात अमेरिका स्वतःच उतरली. क्रेनने आधी नौदलात भरती व्हायचा प्रयत्न केला, तब्येतीवरून नापास, मग पुलित्झरच्या 'वर्ल्ड'कडून गेला. रिपोर्टर म्हणून कसा होता म्हणशील तर, डेस्कवरचा माणूस म्हणून सांगतो, असला रिपोर्टर मला नको! वेळेवर तार नाही, आकडे नाहीत, मोठ्या अधिकाऱ्यांची नावं नाहीत. आणि धाडस मात्र वेडेपणाचं. सान हुआनच्या डोंगरावर गोळ्या चालू असताना पांढरा रेनकोट घालून उभा, शेवटी रिचर्ड हार्डिंग डेव्हिस हा दुसरा नावाजलेला युद्धवार्ताहर ओरडला की याने कुणावर छाप पडत नाहीये, तेव्हा हा खाली बसला. ग्वांतानामोला मरीन सैनिकांबरोबर होता, तिथं निरोप पोचवायचं कामसुद्धा केलं. सार्जंट क्विक नावाचा एक जण शत्रूकडे पाठ करून, गोळ्यांच्या मध्ये उभा राहून, जहाजाला झेंड्याने खुणा करत होता, क्रेनने त्याचा चेहरा बघून ठेवला. एका रात्री अंधारात त्याच्याजवळच गिब्स नावाचा डॉक्टर गोळी लागून मरत होता. दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतंय. त्यावर त्याने पुढं लिहिलं की तो अवघड मरत होता, मरायला त्याला फार वेळ लागला.

आणि ज्या लेखात हे आहे, 'वॉर मेमरीज', त्याच्या तोंडालाच एक पात्र म्हणतं की खरी गोष्ट हाती लागणं अशक्य आहे, कारण युद्ध भव्य पण नसतं आणि किळसवाणंही नसतं, ते नुसतं जगणं असतं आणि जगणं शब्दांतून निसटू शकतं. दोन युद्धं बघून झाल्यावरचं हे मत. न बघता लिहिताना त्याला एवढी अडचण वाटली नव्हती.

पुढचं सगळं पैशाचं रडगाणं आहे. ग्रीसहून आल्यावर १८९७ मध्येच तो इंग्लंडमध्ये राहायला गेला होता, आधी सरेमधल्या ऑक्स्टेडला, क्यूबानंतर ससेक्समधल्या ब्रीड प्लेस या जुन्यापुराण्या थंडगार वाड्यात, जिथं नळाचंसुद्धा पाणी नव्हतं. शेजारपाजार काय तर कॉनरॅड, हेन्री जेम्स, एच. जी. वेल्स! कॉनरॅडशी तर सख्ख्या भावासारखी दोस्ती. पण खाटकाचं बिल थकलेलं, दारूवाल्याचं थकलेलं, पाहुणे मात्र कायम घरात, आणि एजंट पिंकरला पत्रं, इतके शब्द पाठवतोय, इतके पौंड ताबडतोब पाठवा. 'द मॉन्स्टर', 'द ब्लू हॉटेल', 'द ब्राइड कम्स टू यलो स्काय' हे त्याचं उत्तम काम इंग्लंडमध्ये असतानाचंच आहे, आणि फालतू कामही तेव्हाचंच, एका टेबलावर दोन्ही. १८९९ च्या नाताळात ब्रीडमध्ये मोठी पार्टी ठेवली, दहा नामवंत लेखकांनी मिळून एकेक वाक्य-दोन वाक्यं दिलेलं भुताचं नाटक केलं, नाचगाणी झाली, आणि त्याच दिवसांत एका रात्री क्रेनच्या तोंडातून रक्त आलं. क्षय होताच, वर क्यूबातला मलेरिया. वेल्स पहाटेच्या थंडीत सायकल मारत डॉक्टर आणायला गेला.

उन्हाळ्याआधी कोराने त्याला जर्मनीतल्या बाडनवायलरला हलवलं, काळ्या जंगलाच्या काठावरचं हवापालटाचं गाव. चार वर्षांनी रशियन लेखक चेखव पण तिथंच वारला, काय योगायोग. शेवटची कादंबरी अर्धीच होती, कोण पुरी करणार, पैसे किती मिळणार, हे अंथरुणावरून चालूच होतं. ५ जून १९०० ला तो गेला, वय २८ वर्षं आणि सात महिने. त्याच्या दोन दिवस आधी कोराने एका ओळखीच्याला पत्र लिहिलं की याचं डोकं शांत होत नाही, जे जे झालं ते पुन्हा जगतोय, सारखा बोलतोय, आणि सगळ्यात ऐकवत नाही ते हे, की तो त्या होडीत जागा बदलायचा प्रयत्न करतोय.